इजांचा कोश आणि नोंदीतील मौन

अपघाताची बातमी देताना मराठी वृत्तपत्रे जखमींची विभागणी बहुधा दोनच विशेषणांनी करतात. काही जण ‘किरकोळ’ जखमी असतात व काही ‘गंभीर’. क्वचित ‘अत्यवस्थ’ हे तिसरे विशेषण येते. वाचकाचे एवढ्यावर भागते. परंतु हीच माणसे रुग्णालयाच्या दप्तरात दाखल झाली, आणि त्या दप्तरावरून किती जण वाचावयास हवे होते व प्रत्यक्षात किती वाचले याचा हिशेब मांडावयाचा झाला, की ही विशेषणे अपुरी पडतात. एका रुग्णालयाचा ‘गंभीर’ दुसऱ्याच्या ‘गंभीर’शी जुळेलच अशी खात्री नसते. ही जुळणी साधण्यासाठी जी साधने गेल्या अर्धशतकात निर्माण झाली, त्यांत ‘अॅब्रिव्हिएटेड इन्ज्युरी स्केल’ म्हणजेच संक्षिप्त इजा-श्रेणी हे सर्वांत अधिक रुळलेले साधन होय. वैद्यकाच्या व संख्याशास्त्राच्या अंगाने तिची परीक्षा पुष्कळ झाली आहे. तथापि ही श्रेणी मूलतः एक कोश आहे. तीत नोंदी आहेत, पर्याय आहेत, अर्थभेद आहेत आणि शब्द कसा वाचावा याचे नियमही आहेत. म्हणून कोशाला लावावयाची कसोटी तिला लावून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

श्रेणीचा जन्म मोटारींच्या संदर्भात झाला. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील वैद्यक संघटना, मोटार-अभियंत्यांची संस्था व मोटार-अपघातांच्या वैद्यकाला वाहिलेली संघटना यांनी एकत्र येऊन तिची आखणी केली आणि १९७१ साली ती प्रथम छापली गेली. टक्कर झालेल्या गाडीचा अभ्यास करणारा अभियंता आणि तीतील माणसाला तपासणारा डॉक्टर यांना एकमेकांचे कळावे, हा तिचा मूळ हेतू. १९७६ मध्ये तिला कोशाचे रूप आले. पुढे १९८०, १९८५, १९९०, २००५ व २०१५ अशा आवृत्त्या निघाल्या. भोसकल्याच्या आणि गोळी लागल्याच्या इजांची नीट व्यवस्था लागली ती १९८५ च्या आवृत्तीत. एखादा कोश कोणासाठी रचला गेला हे त्यात प्रथम काय सुटले यावरून ओळखता येते, त्याचे हे एक उदाहरण.

श्रेणीतील प्रत्येक इजेला सहा अंकांची एक ओळखखूण मिळते, आणि दशांशचिन्हानंतर एक अंक येतो तो प्रतीचा. ५४४२२८.५ हा संकेतांक घ्यावा. पहिला ५ म्हणजे उदर. पुढचा ४ म्हणजे अंतःस्थ अवयव. त्यापुढील ४२ म्हणजे प्लीहा, जिला बोलीत पाणथरी म्हणतात. २८ हा अंक प्लीहेच्या विदारणाचा विशिष्ट प्रकार दाखवितो, आणि चिन्हापुढचा ५ सांगतो की ही इजा पाचव्या प्रतीची आहे. प्रती सहा आहेत. १ म्हणजे किरकोळ, २ म्हणजे मध्यम, ३ ला इंग्रजीत ‘सीरियस’ म्हटले आहे, ४ ला ‘सिव्हिअर’, ५ ला ‘क्रिटिकल’, आणि ६ म्हणजे जिच्यावर आज इलाज नाही अशी कमाल इजा.

तिसऱ्या व चौथ्या प्रतीची नावे अभ्यासकाला प्रथमच अडवितात. ‘सीरियस’ आणि ‘सिव्हिअर’ यांत अधिक वाईट कोणते हे इंग्रजी भाषकालाही त्या शब्दांवरून सांगता येणार नाही. समितीने एकाला ३ व दुसऱ्याला ४ म्हटले म्हणून तो क्रम लागला. मराठीत तर दोहोंसाठी ‘गंभीर’ हाच शब्द तोंडात येतो, आणि परिभाषेने दुसऱ्याला ‘तीव्र’ म्हटले तरी तीव्र वेदना व तीव्र इजा यांतील संबंध सैलच राहतो. शिवाय मराठी बोलण्यात ‘सीरियस’ हा शब्द रुळताना बराच जड झाला आहे. ‘पेशंट सीरियस आहे’ असा निरोप आला की नातेवाईक रात्रीची गाडी पकडतात. या श्रेणीत मात्र मांडीचे हाड मोडल्यावर मिळते ती प्रत ‘सीरियस’. अशा स्थितीत शब्द बाजूला ठेवून अंकावर विसंबणे समितीला सोयीचे वाटले यात नवल नाही. परंतु विशेषणाच्या जागी अंक बसविल्याने विशेषणाचे मोजमाप होत नाही. मापनाच्या पद्धतींचे जे वर्गीकरण स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडले, त्यानुसार हे अंक क्रमवाचक होत. ३ हा २ च्या पुढे आहे एवढेच ते सांगतात. १ व २ यांतील अंतर ४ व ५ यांतील अंतराएवढे आहे असे ते म्हणत नाहीत.

याच क्रमवाचक अंकांचे १९७४ मध्ये वर्ग करण्यात आले. सुझन बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी सुचविलेल्या इजा-तीव्रता गुणांकात शरीराचे सहा भाग पाडले जातात, सर्वाधिक इजा झालेल्या तीन भागांतील प्रत्येकी एक वरची प्रत घेतली जाते आणि तिन्हींच्या वर्गांची बेरीज होते. कमीत कमी १, जास्तीत जास्त ७५. कोठेही सहावी प्रत असली तर थेट ७५. एम.ए.च्या परीक्षेतील पहिला, दुसरा व तिसरा वर्ग यांचे वर्ग करून कोणी बेरीज करू लागला तर विद्यापीठात हसे होईल. तरी येथे ते चालले, कारण मृत्यूचे प्रमाण प्रतीबरोबर सरळ रेषेत न वाढता झपाट्याने वाढते, आणि वर्ग केल्याने बेरीज त्या वाढीशी पुष्कळ अंशी जुळते असे त्या अभ्यासकांना आढळले. म्हणजे हे समर्थन तर्काचे नाही, अनुभवाचे आहे, आणि तेवढ्यापुरते ते मान्य करावयास हवे. अनुभवाने न झाकलेल्या जागा मात्र उघड्या राहतात. एका मांडीचे हाड मोडले तर गुणांक ९. दोन्ही मांड्यांची मोडली तरी ९, कारण अवयवांचा भाग एकच. १९९७ साली सुचविलेल्या नव्या गुणांकात भाग न पाहता सर्वांत वाईट तीन इजा घेतात, तेव्हा दोन मांड्यांचे १८ होतात. ‘मोठी इजा’ म्हणजे १५ पेक्षा अधिक गुणांक अशी रूढ व्याख्या आहे. गंमत अशी की तीन वर्गांची बेरीज १५ कधी होतच नाही, त्यामुळे मर्यादा १५ ची म्हटली काय किंवा १६ ची म्हटली काय, फरक पडत नाही. कोशाची आवृत्ती बदलली की मात्र पडतो. २००५ ची आवृत्ती व तिची २००८ मधील सुधारणा यांत अनेक इजांची प्रत उतरली, आणि ‘मोठ्या इजे’ची संख्या पूर्वीइतकी राहावी म्हणून ऑस्ट्रेलियातील नोंदसंग्रहांनी मर्यादा १२ वर आणली. माणसे तीच, इजा त्याच, कोश बदलला.

तथापि या पद्धतीतील खरा प्रश्न वर्गांचा नाही. तो त्याआधीच्या पायरीवर आहे, जेथे डॉक्टरने लिहिलेले गद्य वाचून कोणी तरी त्याचा अंक करतो. रुग्णालयांच्या व्यवहारात या व्यक्तीला ‘कोडर’ म्हणतात. तिने रुग्ण पाहिलेला नसतो. तिच्यापुढे फक्त मजकूर असतो. प्लीहेचीच नोंद पुन्हा घ्यावी. विदारण लहान असेल तर प्रत २. मध्यम असेल तर ३. मोठे असेल तर ४. प्लीहेचे तुकडे झाले असतील तर ५. आणि मजकुरात केवळ ‘प्लीहा विदीर्ण’ एवढेच असेल तर? त्यासाठी कोशात ‘अधिक तपशील नाही’ असा वेगळा पर्याय आहे, संकेतांक ५४४२२०, आणि त्याची प्रत २. म्हणजे चुरा झालेली प्लीहा घाईने एका शब्दात लिहिली गेली तर तिची प्रत ५ वरून २ वर येते, आणि वर्ग केल्यावर २५ चे ४ होतात. डॉक्टरने काही म्हटले नाही. कोशाने ते मौन सौम्य इजेच्या रकान्यात टाकले.

हा योगायोग नव्हे, धोरण आहे. शंका असेल तेथे खालची प्रत द्यावी, असा कोशाचा नियम आहे. त्याच्या जोडीला दुसरा नियम असा की ‘संभाव्य’, ‘बहुधा’, ‘संशय’ अशा शब्दांनी लिहिलेल्या इजेला संकेतांकच देऊ नये. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा नियम विशेष बोलका वाटेल. ‘फासळी मोडली आहे’, ‘फासळी मोडली असेल’ आणि ‘फासळी मोडली असावी’ या तीन वाक्यांत मराठीने बोलणाऱ्याच्या खात्रीचे तीन रंग क्रियापदाच्या रूपातच भरले आहेत. ‘असावी’ म्हणणाऱ्याजवळ काही पुरावा असतो. त्याने छातीवर हात ठेवलेला असतो, हाडाची करकर ऐकलेली असते; क्ष-किरणचित्र तेवढे पाहिलेले नसते. कोशाच्या व्याकरणात मात्र ‘आहे’ हे एकच रूप आहे. महाराष्ट्रातील रुग्णालयांत टिपणे बहुधा इंग्रजीत लिहिली जातात, आणि तेथे ‘असावी’चे काम प्रश्नचिन्ह करते. मोडलेल्या हाडासाठी दोन उभ्या व दोन आडव्या रेघांची जी खूण डॉक्टर काढतात, तिच्या आधी एक प्रश्नचिन्ह टाकले की झाले. ते चिन्ह नंतर कोणी पुसले नाही, म्हणजे तपासणी करून पक्की नोंद केली नाही, तर ती फासळी कोशापुरती अखंड राहते.

मराठीत न फुटलेल्या, रक्त न आलेल्या माराला ‘मुका मार’ म्हणतात. तो दिसत नाही व सांगत नाही, एवढेच त्या नावात आहे. तो हलका असतो असे त्यात मुळीच नाही. उलट खेड्यातील वडीलधारी माणसे मुक्या माराला अधिक भितात. कोशाने मुक्याचा अर्थ हलका असा केला, हा त्याच्यावरील मुख्य आक्षेप होय.

याला कोशकर्त्यांच्या बाजूने उत्तर आहे आणि ते दुबळे नाही. दोन निरनिराळ्या व्यक्तींनी एकच मजकूर वाचून एकच अंक दिला पाहिजे, ही अशा कोशाची पहिली अट. शंकेच्या जागी प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने वरची प्रत द्यावयाची ठरविली, तर ती अट मोडते. जेथे प्रतीवर पैसे किंवा प्रतिष्ठा अवलंबून आहे, तेथे अंदाज कोणत्या दिशेला झुकतील हेही सांगावयास नको. तेव्हा अंदाजाला मज्जाव करणे योग्यच आहे. पण अंदाज न करणे आणि सर्वांत सौम्य अंदाज करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्लीहेच्या नोंदीत कोशाने दुसरी गोष्ट केली व तिला पहिलीचे नाव दिले. वस्तुतः ‘इजा आहे, परंतु प्रत ठरविण्याइतकी माहिती नाही’ यासाठी ९ हा अंक या श्रेणीत आहे. तो वापरला जातो, पण कोणता अवयव दुखावला हेच कळत नाही अशा ठिकाणी; अवयव कळला आणि विस्तार कळला नाही, तर ९ मिळण्याऐवजी खालची प्रत मिळते. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला लोप ही संज्ञा परिचित आहे. न दिसणाऱ्या प्रत्ययालाही तेथे स्थान असते, आणि त्याच्या जागी दुसरा कोणता तरी प्रत्यय होता असे समजून रूपसिद्धी होत नाही.

या मौनाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे पुढच्या गणितात दिसते. १९८७ मध्ये मांडलेल्या ‘ट्रिस’ पद्धतीत इजा-तीव्रता गुणांक, रुग्णाचा रक्तदाब, श्वसन व शुद्धी, त्याचे वय आणि इजा बोथट आघाताची की भेदक, यांवरून तो वाचण्याची शक्यता काढतात. त्या सूत्रातील भारांक अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून ठरले. मग अपेक्षित मृत्यू व प्रत्यक्ष मृत्यू यांची तुलना होते आणि रुग्णालयाच्या कामाचा दर्जा ठरतो. आता ज्या रुग्णालयात रात्री सी.टी. स्कॅन होत नाही, जेथे एकच निवासी डॉक्टर टाके घालून दोन ओळींचे टिपण लिहितो आणि रुग्ण तासाभरात दगावतो, तेथील नोंदीत तपशील नसतो. गुणांक कमी येतो. रुग्ण कागदावर सौम्य जखमी ठरतो आणि त्याचा मृत्यू ‘अनपेक्षित’ होतो. शवविच्छेदनाचा अहवाल जोडला गेला तर गुणांक एकदम चढतो. एकाच देहाचे शवविच्छेदनापूर्वीचे व नंतरचे असे दोन गुणांक असू शकतात, आणि रुग्णालयाचा दर्जा त्यांपैकी कोणता कागद दप्तरात पोचला यावर ठरतो. साधने नाहीत म्हणून तपशील नाही, तपशील नाही म्हणून गुणांक कमी, आणि गुणांक कमी म्हणून रुग्णालय वाईट. साधनांची उणीव या साखळीतून जाता जाता कामातील दोष बनते.

भारतातील डॉक्टर याच रुग्णाची आणखी एका प्रतवारीने नोंद करीत असतो, आणि ती कायद्याची असते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये ‘जबर दुखापती’चे आठ प्रकार सांगितले होते. पुंस्त्वनाश, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव वा सांधा गमावणे, त्याची शक्ती कायमची नष्ट वा क्षीण होणे, डोके वा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे वा निखळणे, आणि जिवाला धोका निर्माण करणारी अथवा २० दिवस तीव्र शारीरिक वेदना देणारी किंवा नित्याचे व्यवहार करू न देणारी दुखापत. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ ने हेच आठ प्रकार ठेवले. २० दिवसांचे १५ केले एवढेच. या यादीत दाताला हाडाचा मान आहे. संक्षिप्त इजा-श्रेणीत दात मोडणे ही पहिल्या प्रतीची, म्हणजे किरकोळ इजा. एकच माणूस, एकच दात. एका कागदावर जबर आणि दुसऱ्यावर किरकोळ. याला परिणामही आहेत. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीत २०२२ च्या योजनेनुसार मृताच्या वारसांना २ लाख रुपये व जबर दुखापत झालेल्याला ५० हजार रुपये मिळतात. ‘साधी’ दुखापत असा शेरा पडलेल्याला त्या योजनेत काही नाही.

या दोन कोशांत कोणता बरोबर असे विचारणे व्यर्थ आहे, कारण त्यांचे विषय वेगळे आहेत. इजा-श्रेणी शरीराच्या घटकाला काय झाले ते नोंदविते. तिच्या नियमानुसार आंधळेपणा हा इजेचा परिणाम असून स्वतः इजा नव्हे. कायदा मुख्यतः परिणाम पाहतो. प्राचीन परंपरेतही परिणामावरून प्रतवारी झालेली दिसते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मांचे आघाताच्या फलानुसार पाच गट केले आहेत : सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ व रुजाकर ८. ही प्रतवारी जखमेची नसून जागेची आहे, त्यामुळे तिची आजच्या श्रेणीशी बरोबरी करण्यात हशील नाही. पण सर्वांत मोठा गट वैकल्याचा आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी खरी. आधुनिक श्रेणीत वर्षभरानंतरच्या कार्यक्षमतेचा अंदाज देणारा निर्देशांक २००५ च्या आवृत्तीत येऊन मिळाला, आणि तोही प्रतीच्या अंकाबाहेरच राहिला.

कायद्याच्या कागदाने मात्र एक गोष्ट श्रेणीपेक्षा चांगली जाणली आहे. क्ष-किरणचित्र व्हावयाचे असेल, रुग्ण अजून खाटेवर असेल, तर दुखापतीच्या दाखल्यावर डॉक्टर ‘मत राखून ठेवले आहे’ असे लिहू शकतो. त्या वाक्याचा अर्थ ‘साधी’ असा कोणी करीत नाही. पोलीस हवालदार पुन्हा फेरी मारतो, त्रागा करतो, पण रकाना भरलेला नाही हे त्याला ठाऊक असते.

वैद्यकाच्या स्वतःच्या एका मापनातही हा भेद आता स्वीकारला गेला आहे. टीझडेल व जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगो येथे बेशुद्धीच्या मापनाची जी श्रेणी दिली, तीत डोळे, वाचा व हालचाल यांना निरनिराळे गुण आहेत. आज तिची बेरीज ३ ते १५ धरतात. वाचेचे गुण पाच : स्थळकाळाचे भान असलेले उत्तर, गोंधळलेले उत्तर, असंबद्ध शब्द, अनाकलनीय आवाज, आणि काहीच नाही. घशात नळी घातलेल्या रुग्णाला ‘काहीच नाही’चा १ गुण देण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी पडला होता. २०१४ मध्ये श्रेणीची फेरमांडणी झाली तेव्हा अशा घटकाला गुण न देता ‘तपासता आला नाही’ असे लिहावे, असे सांगण्यात आले. अशा घटकासह बेरीज करू नये, हेही त्यातच आले. चाळीस वर्षे चाललेल्या श्रेणीत एका मौनाला स्वतःची खूण मिळाली आणि श्रेणी मोडली नाही. प्लीहेच्या ‘अधिक तपशील नाही’ या नोंदीला ९ देण्यास यापेक्षा मोठा अडथळा दिसत नाही. त्यामुळे बेरजेत न धरता येणाऱ्या नोंदींची संख्या वाढेल हे खरे. पण ती संख्या तेव्हा निदान दिसेल, आणि कोणत्या रुग्णालयात ती अधिक आहे हेही दिसेल.

वाचेच्या त्याच रकान्यात आणखी एक गुंता आहे आणि तो सर्वस्वी भाषेचा आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील गावातून झाडावरून पडलेला माडिया भाषक रुग्ण नागपूरपर्यंत आला, आणि तपासणाऱ्याने त्याला मराठीत किंवा हिंदीत महिना कोणता व आपण कोठे आहोत असे विचारले, तर त्याचे उत्तर ‘असंबद्ध शब्द’ ठरेल की ‘अनाकलनीय आवाज’? अनाकलनीय कोणाला, हे श्रेणीत लिहिलेले नाही. बरोबर आलेल्या नातेवाइकाला ते शब्द समजत असतात आणि तो दाराबाहेर उभा असतो. वाचेचा गुण ५ ऐवजी २ पडला तर तो पुढे ‘ट्रिस’च्या सूत्रात मेंदूच्या इजेचा पुरावा म्हणून शिरतो. परिचारिकेने नातेवाइकाला आत बोलावून तोच प्रश्न पुन्हा विचारविला तर गुण बदलतो. कोणत्या भाषेत विचारले, याचा रकाना या श्रेणीच्या मांडणीत नाही.